डेस्कटॉप सारखाच दिसतो, मग फरक कुठे असतो?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये ओपन सोर्स (म्हणजे ज्यांचा मूळ कोड, सोर्स, कोणालाही बघता-बदलता येतो अशा) ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचे प्रश्न बरेच होते, म्हणून सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न: ताई, मी सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लॅपटॉप जुना, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. मित्राने लिनक्स मिंट टाकून दिलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं, मस्त पळतंय. मग मी व्हिडिओ बघत गेलो तर फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी अशी नावं यायला लागली. त्यांच्यावर पण तेच एक्सएफसीई, तोच फायरफॉक्स, टर्मिनलमध्ये त्याच एलएस आणि सीडी या कमांड. सगळंच फुकट, सगळंच ओपन सोर्स, मग एवढ्या वेगवेगळ्या सिस्टिम कशाला? नेमका फरक काय?

उत्तर: तुझं निरीक्षण बरोबर आहे, स्क्रीनवर खरंच फरक दिसत नाही. एक्सएफसीई, केडीई, फायरफॉक्स, लिबरऑफिस ही कुठल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमची नाहीतच, ती सगळीकडे चालतात, त्यामुळे डेस्कटॉपचे फोटो बघून सिस्टिम निवडणारे शेवटी वॉलपेपरच निवडत असतात. फरक त्याच्या खाली सुरू होतो. मी कुठलीही नवीन सिस्टिम बघताना आधी हे विचारते की हे सगळं एकत्र कोण बांधतं आणि ते लोक कशाला नाही म्हणतात.

आता तुझं मिंट घे. त्यातलं लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा सिस्टिमचा गाभा, जो लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिहायला घेतला. तू टाइप करतोस ते एलएस, सीपी आणि बॅश आले ग्नू प्रकल्पातून, ज्याची घोषणा रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्येच केली होती. बूट झाल्यावर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर, सगळ्या सर्व्हिस (मागे चालत राहणारे प्रोग्राम) सुरू करणारं सिस्टिमडी तिसऱ्यांचं, डेस्कटॉप चौथ्यांचा, आणि हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळवून, पॅकेज बनवून देतात ते डिस्ट्रोवाले, म्हणजे मिंट, उबंटूसारखी लिनक्सची तयार सिस्टिम बनवणारे. मिंट तर उबंटूवर उभं आहे आणि उबंटू डेबियनवर, म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरच्या एकेका फाइलवर तीन-तीन टीमचे हात फिरलेले असतात.

बीएसडीत तसं नाही. तिथे कर्नल, सी लायब्ररी (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती), एलएस-सीपी सारख्या कमांड, बूटची स्क्रिप्ट, मॅन पेजेस (कमांडची माहिती देणारी पानं) हे सगळं सोर्सच्या एकाच साठ्यात असतं आणि एकच टीम ते सांभाळते, त्याला बेस सिस्टिम म्हणतात. फायरफॉक्स वगैरे बाहेरचं जे काही तू पॅकेजमधून घेशील ते वेगळं. फ्रीबीएसडीत बेस आणि बाहेरचं यांच्यातली रेघ डोळ्यांना दिसते: बेसच्या सेटिंग्ज ईटीसी फोल्डरमध्ये, आणि तू घातलेलं सगळं यूएसआर-लोकलच्या आत, सेटिंग्ज सकट. उद्या डोकं फिरलं आणि सगळी पॅकेजं उडवलीस तरी बेस सिस्टिम तशीच बूट होते, लॉगिन देते, नेटवर्क चालू असतं. मिंटमध्ये एप्टीसाठी, म्हणजे पॅकेज घालणाऱ्या-काढणाऱ्या कमांडसाठी, सी लायब्ररी पण पॅकेज आणि पत्त्यांचा गेम पण पॅकेज, दोन्ही एकाच यादीत, त्यामुळे डिलीट करताना जरा बघून करावं लागतं.

वापरताना हे कुठे जाणवतं ते सांगते. फ्रीबीएसडीत नेटवर्क कार्डाचं नाव त्याच्या ड्रायव्हरवरून पडतं, इंटेलचं असेल तर ईएम-शून्य, रियलटेकचं असेल तर आरई-शून्य. कुठली सर्व्हिस बूटला सुरू व्हायची हे आरसी-डॉट-कॉन्फ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत एकेका ओळीत लिहिलेलं असतं, ती फाइल उघडली की मशीन काय काय करतंय ते समजतं, मला स्वतःला हे फार आवडतं. बॅश बेसमध्ये नसतो, हवा तर घालायचा. आणि सेड कमांडला डॅश-आय देऊन फाइल जागच्या जागी बदलायची तुला सवय असेल तर लिनक्सवर चालणारी तीच ओळ फ्रीबीएसडीवर अडते, कारण तिथे डॅश-आय नंतर बॅकअपचं एक्स्टेंशन द्यावंच लागतं, बॅकअप नको तर रिकामे कोट. मॅकवर पण तसंच आहे, कारण मॅकओएसच्या कमांड-लाइन टूल्सचा मोठा भाग बीएसडीकडूनच आलाय. ओपनबीएसडीवर मात्र ती ओळ लिनक्ससारखीच चालून जाते. तर एलएस सगळीकडे एलएसच, पण प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या लोकांनी लिहिलेलं आहे आणि कधी ना कधी ते हाताला लागतंच.

ही अशी दोन वेगळी घराणी झाली कशी, तर त्यात एक कोर्टाची केस आहे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकापासून युनिक्सवर काम चालू होतं, तेच बीएसडी. १९९२ मध्ये ते इंटेलच्या ३८६ चिपच्या साध्या पीसीवर आलं सुद्धा, पण त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडी विकणाऱ्या कंपनीवर आणि पुढे विद्यापीठावर पण कोडच्या मालकीवरून दावा ठोकला. तडजोड व्हायला १९९४ उजाडलं, आणि निघालं काय, तर साधारण १८,००० फायलींपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या. पण मधली दोन वर्षं लोक बीएसडीला हात लावायला बिचकत होते आणि नेमकं तेव्हाच लिनक्स वाढलं. टॉरव्हाल्ड्सने स्वतः पुढे सांगितलं की ३८६ साठीचं बीएसडी तेव्हा हाताशी असतं तर कदाचित त्याने लिनक्स लिहिलंच नसतं. आज टॉप-५०० यादीतले सगळेच्या सगळे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर आहेत, अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्सचा कर्नल आहे, आणि त्यामागे कोडइतकीच ती दोन वर्षं पण आहेत असं मला वाटतं.

आता बीएसडीतले बीएसडी. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी दोन्ही १९९३ चे. फ्रीबीएसडीचा कल सर्व्हरकडे, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या मशीनमधून बाहेर पडतात त्यांच्यावर हेच असतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम त्यात मुरलेली आहे, त्यामुळे अपडेटच्या आधी सगळ्या सिस्टिमची एक प्रत बाजूला ठेवता येते आणि अपडेट बिघडलं तर बूट मेनूतून कालची सिस्टिम निवडून कामाला लागायचं. शिकणाऱ्यासाठी ही सोय अमूल्य आहे, कारण मोडायची भीतीच जाते. नेटबीएसडीचा हट्ट असा की जगात जितक्या जातीची मशीन आहेत तितक्यांवर आपण चाललं पाहिजे, अमिगा, व्हॅक्स हे जुने कॉम्प्युटर म्हणा, ड्रीमकास्ट हा गेमिंग कन्सोल म्हणा.

आणि ओपनबीएसडी. थिओ डी राट १९९५ मध्ये नेटबीएसडीतून फुटून निघाला आणि त्याने ही सिस्टिम काढली, आणि नाही म्हणणं म्हणजे काय ते इथे शिकावं. इन्स्टॉल केल्यावर जवळजवळ सगळ्या सर्व्हिस बंद. मायक्रोफोन लावलास तरी रेकॉर्डिंगमध्ये शांतता येते, कारण परवानगी तू स्वतः एका सेटिंगमधून दिल्याशिवाय कर्नल आवाज देतच नाही. ब्लूटूथचा कोड त्यांना धड वाटला नाही म्हणून २०१४ मध्ये त्यांनी तो काढूनच टाकला, म्हणजे तुझे ब्लूटूथ इअरबड्स तिथे थेट जोडता येणार नाहीत. दर बूटच्या वेळी कर्नलचे तुकडे नव्या क्रमाने जोडले जातात, म्हणजे हल्ला करणाऱ्याला कुठली गोष्ट मेमरीत कुठे आहे याचा अंदाज बांधता येऊ नये. हे जाचक वाटेल, पण ज्या ओपनएसएसएचने जगभरचे लोक रोज सर्व्हरवर लॉगिन करतात ते याच लोकांनी १९९९ मध्ये दिलं, आणि ते आज लिनक्समध्ये आहे, मॅकमध्ये आहे, विंडोजमध्ये पण आहे. इतक्या छोट्या टीमने एवढं दिलंय, आणि म्हणून त्यांचं नाही मला पटतं.

प्रश्न: बीएसडी राहू दे, मला उबंटू, डेबियन, फेडोरा, आर्च यातलाच फरक कळत नाही. कर्नल एकच आहे ना? (वाचक, ठाणे)

उत्तर: कर्नल एकच, पण कुठल्या वर्षाचा ते वेगळं. इथे मुख्य फरक वेळापत्रकाचा आहे आणि नवीन माणसाला नेमकं हेच कोणी सांगत नाही, सगळे आयकॉन आणि थीमवर बोलतात. डेबियनचं स्टेबल व्हर्जन साधारण दोन वर्षांनी येतं (१३ वं ऑगस्ट २०२५ मध्ये आलं) आणि एकदा आलं की त्यातल्या प्रोग्रामचे व्हर्जन गोठवतात, फक्त सिक्युरिटीच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात, त्यामुळे सगळं थोडं जुनं असतं पण आज चालतंय ते उद्या चालतंच. उबंटूचं एलटीएस (लांब सपोर्टचं व्हर्जन) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये, त्याला पाच वर्षं सपोर्ट, मागे कॅनॉनिकल ही कंपनी. फेडोरा सहा महिन्यांना नवीन, मागे रेड हॅट, नवीन गोष्टी तिथे आधी येतात. आर्चला व्हर्जन नंबरच नाही, रोज थोडं थोडं अपडेट होत राहतं, त्यामुळे सगळं ताजं मिळतं पण अपडेटच्या आधी त्यांच्या सूचना वाचायची शिस्त लागते, ती नसेल तर आर्चच्या वाटेला जाऊ नका.

नाही म्हणायची तऱ्हा इथे पण दिसते. उबंटूने स्नॅप नावाची स्वतःची पॅकेज पद्धत आणली, स्नॅपचं दुकान कॅनॉनिकलच्याच हातात असतं, तर मिंटवाल्यांनी उबंटू पायाला घेऊन स्नॅप मात्र बंद ठेवलं, म्हणून उबंटूत फायरफॉक्स स्नॅपमधून येतो आणि मिंटमध्ये साध्या पॅकेजमधून. दिसायला दोन्ही फायरफॉक्स सारखेच. मी कोणी विचारलं तर पहिल्यांदा मिंट किंवा डेबियन सांगते, आणि निदान वर्षभर तरी डिस्ट्रो बदलू नका असंही सांगते, कारण दर आठवड्याला नवीन डिस्ट्रो टाकणाऱ्याला इन्स्टॉलरच तेवढा पाठ होतो.

प्रश्न: माझा पुण्यात छोटा हार्डवेअरचा बिझनेस आहे, आम्ही एक उपकरण बनवतोय ज्यात लिनक्स किंवा बीएसडी टाकायचा विचार आहे. दोन्ही ओपन सोर्सच, मग लायसन्सने काय फरक पडतो?

उत्तर: तुम्हाला फार फरक पडतो. लिनक्सच्या कर्नलला जीपीएल या लायसन्सचं दुसरं व्हर्जन लागू आहे: तुम्ही तो बदलून वस्तूत घालून विकलात तर ज्याने वस्तू घेतली त्याला त्या कोडचा सोर्स मागायचा हक्क आहे आणि तुम्हाला तो द्यावा लागतो. बीएसडी लायसन्स म्हणतं घ्या, बदला, विका, सोर्स दिला नाही तरी चालेल, फक्त मूळ लेखकांची कॉपीराइटची नोंद काढू नका.

याचं उदाहरण वायफाय राउटरचंच घ्या. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी-५४जी हा निळा-काळा राउटर तुम्ही बघितला असेल. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे, मग सोर्स कुठे आहे? दबाव वाढला, कंपनीने सोर्स दिला, आणि त्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, जे आज कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर चालतं आणि कंपनीने सोडून दिलेल्या मशीनला वर्षानुवर्षं सिक्युरिटी अपडेट देतं. उलट प्लेस्टेशन ४ घ्या, त्याची सिस्टिम फ्रीबीएसडीवरून बनलीय, पण सोनीने स्वतः केलेले बदल बाहेर द्यायचं बंधन नव्हतं.

मी स्वतः जीपीएलच्या बाजूची आहे, कारण त्या राउटरसारखी वस्तू विकत घेणाऱ्याला तिचा ताबा मिळतो आणि आपल्याकडे वस्तू फेकून न देता वर्षानुवर्षं वापरायची पद्धत आहे. पण बीएसडीवाल्यांचं म्हणणंही समजून घ्या, त्यांना असं वाटतं की चांगला कोड अटी न घालता सगळीकडे पोचावा, आणि ओपनएसएसएच एवढं पसरलं त्यात त्या मोकळ्या लायसन्सचा मोठा हात आहे. तुम्ही लिनक्स घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून सोर्स नीट जपून ठेवा, कुठल्या व्हर्जनवर काय बदललं त्याची नोंद ठेवा, नंतर कोणी मागितल्यावर शोधाशोध करणं फार अवघड जातं. आणि वकिलाला एकदा दाखवाच.

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत शिक्षक आहे. आमच्या लॅबमधले कॉम्प्युटर जुने आहेत, लिनक्स टाकावं असं चाललंय. मराठीचं काय? टायपिंग, फॉन्ट, सगळं होतं का, आणि कुठल्या सिस्टिमवर जास्त चांगलं होतं?

उत्तर: सर, होतं, आणि इथे सिस्टिमचा फरक जवळजवळ नाहीच. अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड सगळे तीच वापरतात, त्यामुळे जोडाक्षरं मिंटवर जशी तशीच फ्रीबीएसडीवर. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून थेट निवडता येतो. मराठीची परीक्षा घ्यायची तर "दुसऱ्या" मधला ऱ्या काढून बघा: शिफ्ट आणि जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. अर्धा र चंद्रकोरीसारखा य च्या डावीकडे आला की फॉन्ट आणि कीबोर्ड दोन्ही ठीक आहेत असं समजा. फोनेटिकची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं घाला. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फक्त फॉन्ट नाहीये, नोटो किंवा लोहित देवनागरी घातला की झालं.

अडचण दोन ठिकाणी येईल. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी वगैरेत टाइप केलेल्या असतील तर त्या उघडल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात, म्हणून विंडोज आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, हे काम पुढे ढकलू नका. आणि कॉम्प्युटर ३२ बिटचे असतील तर डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, ते आधी तपासा. सी-डॅकचं बॉस लिनक्स पण आहे, २००७ पासून, डेबियनवरच बेतलेलं आणि भारतीय भाषांची तयारी करून दिलेलं, पण माझं मत विचाराल तर थेट डेबियन किंवा मिंट घ्या, कारण अडलं तर मदत करणारा माणूस जवळपास सापडायची शक्यता जास्त.

प्रश्न: लॅपटॉप स्वस्त दिसला, खाली लिहिलंय ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीडॉस. हे पण लिनक्सच का? (वाचक, नागपूर)

उत्तर: नाही. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस संपवायचं ठरवल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये त्याच्याजागी हे सुरू केलं, जुने डॉसचे प्रोग्राम आणि गेम चालवायला आजही छान आहे, पण ब्राउझर, वायफाय असलं काही अपेक्षू नका. लॅपटॉपवर ते असण्याचा अर्थ एवढाच की विंडोजचे पैसे त्यात धरलेले नाहीत. लिनक्सच टाकणार असाल तर बिनधास्त घ्या.

प्रश्न: मिंट वापरतेय, आता बीएसडी एकदा हाताळून बघायचंय. लॅपटॉप न बिघडवता कसं करू? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये फ्रीबीएसडी टाक, तिथे काहीही मोडलं तरी तुझं मिंट सुरक्षित. सोबत त्यांचं हँडबुक उघडून ठेव, कागदपत्रांच्या बाबतीत बीएसडीवाले लिनक्सवाल्यांच्या पुढे आहेत असं माझं ठाम मत आहे, मॅन पेज वाचून काम पूर्ण होतं, इंटरनेटवर दहा वर्षांपूर्वीची उत्तरं धुंडाळावी लागत नाहीत. डेस्कटॉप तयार हवा असेल तर गोस्टबीएसडी बघ, ते फ्रीबीएसडीच आहे, वर डेस्कटॉप लावून दिलेला.

खऱ्या लॅपटॉपवर जायच्या आधी मिंटच्या टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय टाइप करून वायफायची चिप कुठली आहे ते लिहून घे. इंटेलची असेल तर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी दोन्हीवर बरी आशा आहे, बाकीच्यांचं मॉडेल त्यांच्या हार्डवेअर यादीत शोध. लिनक्सच्या मानाने ड्रायव्हर इथे उशिरा येतात, माणसं कमी आहेत, हे धरून चाल. ओपनबीएसडीत वायफायचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लायसन्समुळे सिस्टिमसोबत येत नाही, इन्स्टॉल झाल्यावर नेटवरून उतरवावं लागतं आणि नेट तर वायफायवरच, मग अडकायला होतं. तेव्हा फोन यूएसबी केबलने लाव आणि टेदरिंग चालू कर. अँड्रॉइड फोन असेल तर ओपनबीएसडीत यूआरएनडीआयएस-शून्य आणि फ्रीबीएसडीत यूई-शून्य नावाचं नेटवर्क कार्ड दिसायला लागेल, त्यावर डीएचसीपीने (आपोआप नेटवर्कचा पत्ता मिळवायची पद्धत) पत्ता घे, ओपनबीएसडीत एफडब्ल्यू-अपडेट ही फर्मवेअर उतरवणारी कमांड चालव, आणि मग वायफाय लाव.